पान उघडलं की घर उभं! पॉप-अप पुस्तक बनतं कसं?

मुलांसाठी पॉप-अप पुस्तक घ्यायला गेलात, तर किंमत बघून हात आखडतो. साध्या चित्रपुस्तकापेक्षा ते बरंच महाग असतं. पण ही महागाई उगाच नाही. छपाई आणि तुकड्यांची कापणी यंत्रावर होते. मात्र तुकडे दुमडणं, खाचेत अडकवणं, गोंद लावून बसवणं हे आजही मुख्यतः हातानंच केलं जातं.

गंमत म्हणजे ही कला मुलांसाठी जन्मलीच नव्हती. 1570 साली लंडनमध्ये युक्लिडची भूमिती इंग्रजीत छापली गेली. तिच्यात पिरॅमिडसारख्या आकृत्या उभ्या करून बघता याव्यात म्हणून कागदाचे तुकडे चिकटवले होते. (हा तोच युक्लिड, जो बाराव्या शतकात अरबी भाषांतरांवरून लॅटिनमध्ये पोहोचला.) मुलांच्या हातात हलणारी पुस्तकं आली ती अठराव्या शतकात. पुढे जर्मनीत म्युनिकच्या लोथार मेगेनडॉर्फरनं कमालच केली. पानाबाहेरची एक पट्टी ओढली की चित्रातल्या माणसाचे हात, डोळे, तोंड सगळं एकदम हलायचं. सांधे म्हणून आत बारीक तारेची वेटोळी. त्याचं 1887 चं सर्कशीचं पुस्तक उघडलं, की अख्खी सर्कस अर्धगोलात उभी राहते.

बॅटरी नाही, स्प्रिंग नाही. मग ताकद येते कुठून? पान उघडणाऱ्या हातातून. दोन पानं एकमेकांपासून लांब जाताना मधला कागद ओढला जातो आणि उठतो, बस्स.

घरी करून बघायचं तर लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. तो मधोमध दुमडा. घडीच्या बाजूनं समान लांबीचे दोन सरळ काप द्या. मधली पट्टी आत ढकलून नीट दाबा. कार्ड उघडलं की छोटी पेटी उभी! तिच्यावर घर, बोट, चांद, काहीही चिकटवा. ईदचं कार्ड तयार. फक्त कापाची लांबी पानाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी ठेवा. नाहीतर कार्ड मिटल्यावर पट्टीचं टोक बाहेर डोकावतं. घडी घालण्याआधी रिकाम्या बॉलपेननं रेघ दाबून घेतली, तर कागद फाटत नाही.

वेगळा तुकडा उभा करायचा असेल तर त्याला मधोमध घडी घाला आणि खाली दोन्ही बाजूंना चिकटवायच्या पट्ट्या ठेवा. तुकड्याची घडी पानाच्या घडीवर आणून, पट्टी थोडी तिरकी ठेवून, आधी एकाच बाजूची चिकटवा. दुसरी पट्टी कुठे बसेल हे मोजत बसू नका. तुकडा आडवा पाडा, वर राहिलेल्या पट्टीला गोंद लावा आणि पान सरळ मिटून टाका. तिची जागा ती आपोआप धरते.