दगडाची ऊब मोजणारा आरसा

१८ डिसेंबर १९९९ रोजी नासाचा ‘टेरा’ उपग्रह कॅलिफोर्नियातून उडाला. त्यावर जपानचं ‘अ‍ॅस्टर’ हे उपकरण होतं. अधिकृत इतिहास एवढा पुरे. मी अडकलो तो त्याच्या औष्णिक भागात.

हा भाग परावर्तित ऊन बघत नसे. जमीन स्वतः जी उष्णता सोडते ती ८ ते १२ मायक्रॉनच्या पाच वाहिन्यांत मोजायचा. सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध ज्या लहरींवर थरथरतात, तिथे दगड उष्णता सोडताना हात आखडता घेतो. क्वार्ट्झ भरपूर असलेल्या वालुकाश्मात ही खोच ९ मायक्रॉनच्या आसपास दिसते. बेसाल्टमध्ये सिलिका कमी, म्हणून ती १० कडे सरकते. चुनखडीची खूण ११.३ जवळ. निनोमिया या जपानी शास्त्रज्ञानं यावरूनच क्वार्ट्झ, कार्बोनेट आणि बेसाल्टसारख्या दगडांचे निर्देशांक बसवले.

गोम अशी, की मोजमापं पाच आणि अज्ञातं सहा: पाच वाहिन्यांतली उत्सर्जकता, म्हणजे दगड किती सढळपणे उष्णता सोडतो ते, आणि वर तापमान. गिलेस्पी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवरून मिळालेला उत्सर्जकतांमधला एक संबंध वापरून ही कोंडी फोडली. मला ही युक्ती फार आवडते.

ही उष्णता टिपणारे शोधक ८० केल्विनपर्यंत गार ठेवावे लागत. त्यांच्यापुढे एक आरसा सतत डुलायचा आणि मधूनच अर्धा वळसा घेऊन मापं जुळवायला आतल्या, तापमान माहीत असलेल्या कृष्णपिंडाकडे बघायचा. थंड अवकाशाकडे बघायची सोय त्याला नव्हती, म्हणून खात्री करायला खाली अमेरिकेतल्या टाहो सरोवराचं तापमान तरंगत्या उपकरणांनी मोजत.

आता अडचणी. चित्रातल्या एका चौकटीची बाजू जमिनीवर ९० मीटर. तेवढ्यात दोन-तीन दगड सहज मिसळतात. उपकरणाला दिसतो तो फक्त वरचा, केसाहूनही पातळ थर, म्हणजे धूळ आणि गंजही त्यात आले. चिकणमातीची खनिजं ओळखणारा शेजारचा लघु-अवरक्त भाग तर २००८ मध्ये शोधक तापून निकामी झाला.

दख्खनमध्ये दुखणं आणखी वेगळं. लाव्ह्याचे एकावर एक थर सिलिकेच्या हिशेबानं सख्खे भाऊ. त्यांच्यावर काळी माती, गवत, कोकणात जांभा. अमेरिकेतल्या नेवाड्याच्या उघड्या डोंगरात जे जमतं ते सह्याद्रीत जमत नाही.

नागपूरच्या पूर्वेला मात्र बेसाल्ट संपून नाइस आणि क्वार्ट्झाइट लागतात. ‘अ‍ॅस्टर’ची सारी चित्रं १ एप्रिल २०१६ पासून मोफत आहेत. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिथली, पिकं निघाल्यानंतरची उतरवून घ्यावीत, निर्देशांक काढावेत, आणि हातोडा घेऊन ताडून बघावेत.