सिगडीतला वायू आपल्या रक्तातही

महूची थंडी इंदूरपेक्षा जास्त बोचते, असं आम्हा महूकरांचं ठाम मत आहे. इंदूरवाले ते मानत नाहीत, तो भाग वेगळा. डिसेंबर-जानेवारीत इथल्या काही जुन्या घरांत अजूनही कोळशाची सिगडी (पुण्या-मुंबईकडच्यांची शेगडी) पेटते आणि जुन्या माणसांचा नियम ठरलेला असतो: झोपण्याआधी सिगडी बाहेर. कारण विचारलं तर "गॅस चढतो" एवढंच उत्तर मिळतं.

चढणारा हा गॅस म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. गंमत अशी, की हाच वायू आपलं शरीरही रोज तयार करतं. निरोगी मोठ्या माणसात दिवसाला साधारण 10 मिलिलिटर, म्हणजे दोन छोटे चमचे भरतील इतका. तोही कोळसा न जाळता.

रक्तातली लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते. मग प्लीहा आणि यकृतातल्या पेशी तिला गिळून मोडीत काढतात. दर सेकंदाला अशा 20 लाखांहून जास्त लाल पेशी निवृत्त होतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला गार्बेज कलेक्शन म्हणतो, तेच हे काम, फक्त सर्व्हर कधीच बंद न करता चाललेलं. हिमोग्लोबिनमध्ये हीम नावाचं एक कडं असतं आणि त्याच्या मधोमध लोह. हीम ऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम हे कडं एका जागी तोडतं. त्यातून तीन गोष्टी निघतात: लोह, बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य आणि कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू. लोह शरीर पुन्हा वापरतं, वायू रक्तातून फुप्फुसांत येऊन श्वासावाटे निघून जातो.

यातला रंगांचा भाग तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. क्रिकेटचा बॉल मांडीवर लागला की आधी काळं-निळं होतं, काही दिवसांनी हिरवट आणि शेवटी पिवळं. हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, पिवळा त्यापासून बनणाऱ्या बिलिरुबिनचा. त्या हिरव्याच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सुटलेला असतो.

शरीर हा वायू स्वतः बनवतं हे स्वीडनच्या टोर्स्टेन शोस्ट्रांड यांनी 1949 च्या सुमारास दाखवलं. ते एन्झाइम सापडायला मात्र 1968 उजाडलं.

हे नुसतं कुतूहल नाही. नवजात बाळाला तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली की घरात धावपळ उडते. बाळाच्या लाल पेशी मोठ्यांपेक्षा लवकर मोडतात, बिलिरुबिन जास्त तयार होतं आणि यकृत अजून तयारीत नसतं. म्हणून बहुतेक बाळं थोडी पिवळी दिसतात. पण कधीकधी पेशी फारच झपाट्याने फुटत असतात, उदाहरणार्थ आई आणि बाळाचा रक्तगट जुळत नसेल तर. बिलिरुबिन फार वाढलं तर बाळाच्या मेंदूला इजा होते, त्यामुळे हा फरक वेळेत कळणं महत्त्वाचं. पेशी जितक्या जास्त फुटतील तितका श्वासातला कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि बाळाच्या श्वासात तो मोजणारी यंत्रंही आहेत. सगळीकडे ती मिळणार नाहीत. रक्ततपासणी आणि निळ्या प्रकाशाचा उपचार हाच नेहमीचा मार्ग. फक्त "उन्हात धरा, जाईल" म्हणत घरी थांबू नये.

आपल्या शेजारच्या झाबुआ-अलिराजपूर पट्ट्यात आणि तिकडे विदर्भातही सिकलसेलचा आजार बराच आढळतो. त्यात लाल पेशी 120 ऐवजी जेमतेम 10 ते 20 दिवस टिकते. साहजिकच अशा रुग्णाच्या शरीरात हा वायू नेहमीपेक्षा जास्त बनतो आणि डोळे पिवळे दिसतात.

मग रोज बनणारा हा वायू आपल्याला मारत का नाही? प्रमाण. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ 200 पटींहून जास्त असते, पण घरचं उत्पादन इतकं थोडं, की धूम्रपान न करणाऱ्या माणसाचं साधारण एक टक्काच हिमोग्लोबिन त्यात अडकतं. उलट इतक्या अल्प प्रमाणात तो पेशींमध्ये निरोप पोहोचवतो, रक्तवाहिन्या सैल करायला मदत करतो, असं संशोधक मानतात. बंद खोलीतली सिगडी किंवा बाथरूममधला गॅस गीझर हे प्रमाण कित्येक पटींनी वाढवतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही.

कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. इथे तो फसवतो. कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही आकडा 98 दिसू शकतो. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर आकडा न बघता आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि थेट दवाखाना गाठा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन मिळाला तर तास-दीड तास. म्हणून गीझर चालू होता, दार-खिडकी बंद होती, हे डॉक्टरांना विचारायच्या आत सांगायचं.