फवारणीचीं औषधें व पुरुषांची प्रजननशक्ति

ज्या विषयाची चर्चा करण्यास संकोच वाटतो, त्याची हेळसांडही फार होते. फवारणीच्या विषाचा पुरुषाच्या प्रजननशक्तीवर होणारा परिणाम हा असाच विषय आहे. २०१७ सालच्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना शेंकडों माणसांस विषबाधा झाली व वीसांहून अधिक दगावलीं. ती बाधा उघड होती. परंतु तणनाशक असो वा कीटकनाशक, थोडें थोडें विष वर्षानुवर्षें अंगांत जिरल्यास होणारें नुकसान कित्येकदां घरांत पाळणा न हालल्यावरच ध्यानांत येतें.

याचा ठळक दाखला १९७७ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत मिळाला. डी.बी.सी.पी. हें सूत्रकृमिनाशक तयार करणाऱ्या कामगारांस मुलें होईनात. तपासणींत अनेकांच्या वीर्यांत शुक्रजंतु अत्यल्प किंवा मुळींच नाहींत असें आढळलें. तणनाशकांविषयींचा पुरावा इतका निर्णायक नाहीं, तथापि तो उपेक्षणीयही नाहीं. अर्जेंटिनांत टू-फोर-डी फवारणाऱ्या शेतकऱ्यांच्या वीर्यांत विकृत व निर्जीव शुक्रजंतु अधिक असल्याचें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. ग्लायफोसेट वनस्पतींतील ज्या क्रियेवर घाव घालतें ती माणसांत नाहीं, म्हणून तें निरुपद्रवी, असें सांगितलें जातें. पण त्या डब्यांत औषध पानावर पसरविणारीं इतर द्रव्येंही असतात, हें विसरूं नये.

विष शरीरांत शिरतें तें मुख्यत्वें कातडींतून. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पॅराथिऑन हें कीटकनाशक माणसाच्या हाताच्या कातडींतून शेंकडा सुमारें ९ भागच आंत गेलें, तर वृषणावरील कातडींतून जवळजवळ सर्व गेलें. आतां पाठीवरचा पंप गळत असल्यास औषध कमरेवरून कोठें उतरतें, याचा वाचकांनींच विचार करावा. भिजलेलें धोतर वा पायजमा दिवसभर अंगावर ठेवणें म्हणजे त्या नाजूक जागीं विषाची पट्टी बांधणेंच होय.

म्हणून पंपाचें झांकण व वायसर फवारणीपूर्वीं तपासावें. पाठ व कंबर यांवर प्लॅस्टिकचें कापड बांधावें. औषध हातानें ढवळूं नये. लघवीस जाण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे. कपडे भिजतांच बदलावे व घरच्या कपड्यांत न मिसळतां निराळे धुवावे. मजुराच्या पाठीवर पंप देणाऱ्या मालकानें ही व्यवस्था स्वतःच्या खर्चानें करावी, हें त्याचें कर्तव्यच आहे.

मूल होत नसल्यास दोष पत्नीच्या माथीं मारण्याची रीत अन्यायाची आहे. वीर्याची तपासणी सोपी असते. ती पतीनें प्रथम करवून घ्यावी व आपण कोणतीं औषधें फवारतों तें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. कामेच्छा शाबूत असली म्हणजे शुक्रजंतु शाबूत असतात, असें नाहीं. नवे शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात; म्हणून तीन महिने फवारणीपासून दूर राहून पुन्हां तपासणी करावी. डी.बी.सी.पी.च्या कामगारांपैकीं कांहींची शक्ति काम सोडल्यावर परत आली, कांहींची आली नाहीं. तण पुढच्या हंगामांतही निंदतां येतें. गेलेली शक्ति मात्र परत येईलच, असा भरवंसा नाहीं.