शब्दाच्या आरंभी असलेले शेत

जयपूरच्या दक्षिण भागात टोंक रस्त्यालगत असलेल्या दुर्गापुरा येथे राजस्थान कृषी संशोधन संस्था असून, 2013 मध्ये जोबनेर येथे स्थापन झालेल्या श्री कर्ण नरेंद्र कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत ती आज काम करते. अशा संस्थांच्या व्यवहारात अ‍ॅग्रिकल्चर, अ‍ॅग्रॉनॉमी, अ‍ॅग्रोक्लायमॅटिक, अ‍ॅग्रोफॉरेस्ट्री हे इंग्रजी शब्द सतत एकमेकांशेजारी येतात आणि त्यांचा आरंभ सारखाच असल्यामुळे ते सारे ‘शेती’ याच अर्थाचे पर्याय असावेत, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. आरंभीचा घटक विषय कोणत्या परिसरातला आहे एवढेच सांगतो, अर्थ ठरतो तो पुढच्या पदाने.

व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने ‘अ‍ॅग्रो’ला उपसर्ग म्हणणे सैलपणाचे आहे. ‘प्र’ किंवा ‘अव’ यांसारखा उपसर्ग स्वतंत्र वस्तूचा निर्देश करत नाही. ‘अ‍ॅग्रो’च्या मागे मात्र ‘शेत’ या अर्थाचे पूर्ण नाम आहे, म्हणून त्याला समासाचे पूर्वपद म्हणणे अधिक योग्य. ते नाम ग्रीकमध्ये ‘अग्रोस’ आणि लॅटिनमध्ये ‘अगेर’ असे आढळते, ऋग्वेदातील मैदान वा शेत या अर्थाचा ‘अज्र’ शब्द त्याच कुळातला मानला जातो आणि इंग्रजी ‘एकर’ही त्याच घराण्यातला आहे, म्हणजे सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिले जात असतानाही शेतकऱ्याच्या तोंडी टिकून राहिलेला एकर हा अज्राचा दूरचा भाऊबंदच ठरतो. ‘अ‍ॅग्री’ हे रूप लॅटिनमधून आणि ‘अ‍ॅग्रो’ हे ग्रीकमधून आले असले, तरी आधुनिक इंग्रजीने दोन्ही रूपे सोयीनुसार वापरली आहेत. संमतीदर्शक ‘अ‍ॅग्री’ या क्रियापदाचा मात्र शेताशी काहीही संबंध नाही. तेथे केवळ ध्वनी जुळतो.

अ‍ॅग्रिकल्चर म्हणजे शब्दशः शेताची मशागत. परंतु व्यवहारात या शब्दाने पशुपालन आणि फळबागांसह सारा व्यवसाय कवेत घेतला आहे. अ‍ॅग्रॉनॉमीतील उत्तरपद नियम वा व्यवस्थापन दर्शवते, त्यामुळे पेरणीची वेळ, दोन ओळींतील अंतर, तण, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांचा विचार करणारी ही अ‍ॅग्रिकल्चरची एक शाखा आहे, तिचा पर्याय नव्हे. हा फरक दुर्गापुऱ्यातील कामावरून चांगला समजतो. राजस्थानात गहू आणि जवाच्या मुळांवर हल्ला करणाऱ्या सूत्रकृमीमुळे ‘मोल्या’ नावाचा रोग होतो आणि त्याला प्रतिकार करणारा ‘आरडी 2035’ हा जवाचा वाण तेथे विकसित झाला. वाण घडवणे हे पैदासशास्त्राचे काम, तर तो केव्हा पेरावा आणि त्याला किती पाणी द्यावे हा अ‍ॅग्रॉनॉमीचा प्रश्न. मराठीत कृषी विद्यापीठांनी या शाखेला ‘कृषिविद्या’ म्हटले आहे. नाव सुबक आहे, पण ऐकणाऱ्याला ते संपूर्ण शेतीशास्त्राचे वाटते, हा त्यातला दोष मान्य करावा लागतो.

अ‍ॅग्रोक्लायमॅटिक या विशेषणात हवामानाकडे पिकाच्या नजरेने पाहिलेले असते. पाऊस, तापमान आणि माती यांचा एकत्र विचार करून राजस्थानचे दहा, तर महाराष्ट्राचे नऊ कृषी हवामान विभाग पाडले गेले. दुर्गापुरा त्यांपैकी अर्धशुष्क पूर्व मैदानाच्या विभागात येते. हवामान आणि पीक यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास मात्र पुण्यात फार आधी सुरू झाला होता: हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग तेथे 1932 मध्ये ल. अ. रामदास यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आला.

अ‍ॅग्रोफॉरेस्ट्रीचे दोन मराठी प्रतिशब्द प्रचलित आहेत, ‘कृषी वनीकरण’ आणि ‘वनशेती’. पहिल्याने रान वाढवण्याचा भास होतो, तर दुसऱ्याने झाड आणि पीक एकाच शेतात नांदतात हे नेमके कळते, म्हणून दुसराच सरस ठरतो. केंद्र सरकारने 2014 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले, तरी राजस्थानच्या शेतकऱ्याला त्यात नवे काही नव्हते. खेजडी म्हणजे मराठीतली शमी. तिच्या खाली बाजरी घेण्याची रीत तेथे जुनी आहे, तिचा ‘लूंग’ म्हणजे पाला जनावरांना जातो आणि ‘सांगरी’ म्हणजे शेंगा भाजीला येतात. मुळे खोल जात असल्याने पिकाशी पाण्यासाठी तिची स्पर्धा कमी राहते.

बाजाराच्या बाजूचे शब्द त्यामानाने अलीकडचे आहेत. अ‍ॅग्रिबिझनेस ही संकल्पना हार्वर्डच्या जॉन डेव्हिस आणि रे गोल्डबर्ग यांनी 1957 मधील पुस्तकातून रूढ केली. बियाणे-खते पुरवणाऱ्यापासून तयार माल विकणाऱ्यापर्यंतची साखळी तीत एकत्र मोजली जाते आणि शेतकरी हा तिच्यातला केवळ एक दुवा उरतो. महाराष्ट्राने 1965 मध्ये स्थापन केलेल्या कृषी उद्योग विकास महामंडळाच्या इंग्रजी नावात ‘अ‍ॅग्रो’ होते, मराठी नावात ‘कृषी’ आले. पुढे हा संकोचही मावळला: 2005 मध्ये सुरू झालेल्या शेतीविषयक दैनिकाने ‘अ‍ॅग्रोवन’ हे नाव थेट धारण केले, आणि आता शेतकरी ओळख क्रमांकासाठी गावोगावी ‘अ‍ॅग्रिस्टॅक’ची नोंदणी होत असताना, शेतकऱ्याची ओळख त्याच्या जमिनीच्या नोंदीशी जोडणाऱ्या या व्यवस्थेला मराठी नाव शोधण्याची गरज कोणाला फारशी वाटलेली दिसत नाही.