किरणोपचारानंतरची वर्षे : बस्ती व गुदगत रक्तस्रावाकडे पाहताना

साठी-सत्तरीच्या पुरुषास शौचावाटे रक्त पडू लागले की जळगाव-धुळे परिसरातील अनेक रुग्ण प्रथम वैद्याकडे, किंबहुना थेट औषधी दुकानातच येतात. रक्तार्श समजून अर्शोघ्नी वटी, नागकेशर, बोलबद्ध रस यांची योजना होते. मूत्रावाटे रक्त आले तर उष्णवात किंवा अधोग रक्तपित्त गृहीत धरून चंद्रप्रभा, गोक्षुरादि गुग्गुळ, उशीरासव दिले जाते. पुष्कळदा रक्त थांबतेही. या रुग्णांपैकी एका लहानशा गटाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. प्रोस्टेटच्या, म्हणजे पौरुष ग्रंथीच्या कर्करोगासाठी ज्यांनी पूर्वी किरणोपचार घेतले, त्यांच्यात हेच रक्त क्वचित मूत्राशयाच्या वा गुदाच्या नव्या कर्करोगाचे पहिले लक्षण असते. आणि तेथे रक्त थांबणे म्हणजे रोग गेला असे नव्हे.

हे का घडावे, हे समजण्यास आपल्यापैकी कोणाला परकी शरीररचना शिकण्याची आवश्यकता नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अश्मरीचे निदान सांगताना बस्ती, बस्तिशिर, पौरुष, वृषण व गुद ही परस्परसंबद्ध असून गुदास्थीच्या एकाच विवरात राहतात असे म्हटले आहे. यातील पौरुष म्हणजे आजची प्रोस्टेट, असे अनेक आधुनिक टीकाकार मानतात. प्रोस्टेटच्या वर मूत्राशय, मागे गुदाची पुढची भिंत. मध्ये अंतर असे जवळजवळ नाहीच. त्यामुळे ग्रंथीवर ७० ते ७८ ग्रे इतकी मात्रा सात-आठ आठवड्यांत विभागून दिली, किंवा अलीकडच्या पद्धतीने ६० ग्रे चार आठवड्यांत दिली, तरी शेजारच्या या दोन अवयवांना तिचा काही अंश सोसावाच लागतो. ज्या पेशी मरतात त्यांचा प्रश्न मिटतो. ज्या जगतात, पण ज्यांच्या जनुकद्रव्यात बिघाड राहून जातो, त्यांतील एखादी पुढे कर्करोगाचे बीज ठरते. या बीजाला अंकुर फुटण्यास साधारणतः पाच वर्षांहून अधिक, बहुधा दहा वर्षे वा त्याहून जास्त काळ लागतो. हिरोशिमा व नागासाकी येथे १९४५ साली बॉम्बस्फोटांतून वाचलेल्या लोकांमध्येही घन अर्बुदे अशीच दीर्घ काळानंतर वाढलेली दिसली.

धोका किती? येथे आकड्यांचा विपर्यास होतो, म्हणून थोडे थांबतो. अमेरिकेतील कर्करोग नोंदणीच्या आधारे ब्रेनर व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किरणोपचार घेतलेले सुमारे ५१ हजार व शस्त्रक्रिया झालेले सुमारे ७० हजार रुग्ण होते. किरणांमुळे दुसरा कर्करोग होण्याचे प्रमाण सर्व रुग्ण धरता २९० मध्ये एक आणि दहा वर्षांहून अधिक जगलेल्यांत ७० मध्ये एक असे निघाले. २००५ साली बॅक्स्टर व सहकाऱ्यांना गुदाच्या कर्करोगाचा धोका शस्त्रक्रियेच्या तुलनेत सुमारे १.७ पट आढळला, मात्र किरणांच्या टापूबाहेरील मोठ्या आतड्यात तशी वाढ नव्हती. हा भेद आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. २०१६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यातही मूत्राशय व गुद या दोहोंची वाढ दिसली, पण गुदाच्या कर्करोगाचे प्रत्यक्ष प्रमाण ०.३ ते १.२ टक्के इतकेच होते. शिवाय किरणोपचार घेणारे रुग्ण बहुधा अधिक वयाचे असतात आणि धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे; तेव्हा वाढीचा सगळा दोष किरणांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आपल्याकडील विडी ओढणाऱ्या रुग्णाला हे दोन्ही धोके एकत्र भोगावे लागतात.

म्हणून ‘लाईट घेऊ नका, त्यानेच कॅन्सर होतो’ असा सल्ला कोणी वैद्य देत असेल तर तो रुग्णाचे अहित करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, अधिक धोक्याचा प्रोस्टेट कर्करोग असलेल्या २२४ रुग्णांपैकी काहींना केवळ ग्रंथीवर तर काहींना संपूर्ण श्रोणिभागावर किरण दिले. पाच वर्षांनंतर रक्ततपासणीत रोग न उलटलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१.२ तर दुसऱ्यात ९५ टक्के होते. टापू वाढवल्याने लाभ झाला. मूत्राशयाचे उपद्रवही वाढले. समोर उभा असलेला रोग आणि दहा वर्षांनी कदाचित येणारा रोग यांची तुलना करून निर्णय घ्यायचा असतो, आणि तो किरणोपचारतज्ज्ञाशी बोलून घ्यायचा असतो.

आपले काम त्यानंतर, गावी परतलेल्या रुग्णाबाबत सुरू होते. खान्देशातील रुग्ण उपचारासाठी नाशिक, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे जातात; दहा-बारा वर्षांनी ती फाईल घरात कोठे असते हे कोणासच ठाऊक नसते. कित्येक घरांत ‘कॅन्सर’ हा शब्द रुग्णाच्या कानी पडूच दिलेला नसतो. ‘पूर्वी कर्करोग झाला होता का?’ या प्रश्नास मग प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर मिळते. ‘कमरेखाली मशीनखाली झोपवून महिनाभर लाईट, शेक दिला होता का?’ असे विचारल्यास खरे काय ते कळण्याचा संभव अधिक. सोबत आलेल्या मुलाला वा सुनेला वेगळे विचारावे.

‘पीएसए नॉर्मल आहे’ असे सांगून रुग्ण निश्चिंत असतो. त्या चाचणीने प्रोस्टेटची स्थिती कळते, मूत्राशय वा गुदाविषयी ती काहीही सांगत नाही. रक्तस्राव होणाऱ्या अशा बहुतेकांना कर्करोग नसतोही. किरणांनी गुदाच्या वा मूत्राशयाच्या अंतस्त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगून रक्त येणे हे अधिक आढळते, आणि मूत्राशयात तर ते अनेक वर्षांनीही उद्भवते. परंतु हे दोन प्रकार नाडी, मूत्र वा स्पर्श यांवरून वेगळे करता येत नाहीत. दुर्बिणीनेच पाहावे लागते. तपासणीपूर्वी रक्तस्तंभक औषधांवर महिने घालवणे म्हणूनच घातक.

क्षारसूत्र व अग्निकर्म करणाऱ्यांस एक विशेष विनंती. गुद व बस्ती ही दोन्ही सद्यःप्राणहर मर्मे; त्यात किरणांनी होरपळलेल्या ऊतींचा व्रण अतिशय सावकाश भरतो, कधी भरतच नाही. अशा गुदात अर्शावर क्षारकर्म करण्यापूर्वी, किंवा बस्तीचे नेत्र आत घालण्यापूर्वीही, पूर्वेतिहास विचारलाच पाहिजे.

औषधी दुकानदारांनी ‘लघवीच्या जळजळीवर काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या वृद्धास रक्त येते का एवढे विचारले तरी पुष्कळ. ‘प्रोस्टेटवर रामबाण’ अशा जाहिराती दुकानात लावू नयेत. प्रोस्टेटचे विकार व कर्करोग हे दोन्ही १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात आहेत.

अशा रुग्णास धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यविभागाकडे पाठवताना चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत किरणोपचाराचे वर्ष व स्थान लिहावे. किरण लागलेल्या गुदाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी काढल्यास तेथे भगंदरासारखे छिद्र पडून मूत्रमार्ग व गुद जोडले जाण्याची भीती असते. दुर्बीण घालणाऱ्या शल्यविशारदास ही माहिती आधी असली, तर तुकडा घ्यावा की न घ्यावा आणि कोठून घ्यावा, हे तो विचारपूर्वक ठरवतो.