मर्ज झालं, पण गायब कोण झालं?

आजचा एपिसोड छोटा, पण डेटाशी खेळणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा.

पायथनमधली 'पांडाज' ही लायब्ररी वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये लिहायला घेतली. दोन तक्ते जोडायला तिचं 'मर्ज' वापरतात. समजा, एका तक्त्यात विद्यार्थी, दुसऱ्यात त्यांची फी. रोल नंबरवरून जोडलं की झालं काम? थांबा जरा!

वेगळं काही सांगितलं नाही, तर मर्ज 'इनर' पद्धतीने चालतं. म्हणजे ज्याची फीची नोंद नाही, तो विद्यार्थी निकालातून गुपचूप गायब. एरर नाही, काही नाही. आणि रोल नंबरच रिकामा असेल तर? पांडाज रिकाम्याला रिकामं जोडतं. इकडे 3 रिकामे, तिकडे 4, की झाल्या 12 खोट्या ओळी!

आपल्याला शंका आली तर आपण कुणाला तरी विचारतो. एआय एजंट मात्र 'एरर नाही म्हणजे काम झालं' असं धरून पुढे जाऊ शकतो. म्हणून त्याच्यासाठी डॉक्युमेंटेशन लिहिताना 'दोन तक्ते जोडतं' एवढं पुरत नाही. तीन गोष्टी स्पष्ट लिहा: न सांगता काय गृहीत धरलं जातं, एरर न येता कुठे बिघडतं आणि निकाल कसा तपासायचा.

तपासायची सोय आहेच. 'आउटर' पद्धतीसोबत 'इंडिकेटर' चालू करा. कोणती ओळ कुठल्या तक्त्यातली, ते दिसतं. 'व्हॅलिडेट'मध्ये 'वन टू वन' द्या. रोल नंबर दोनदा आला की एरर येते.

एजंटला हे आपोआप सुचेल, या भरवशावर राहू नका. लिहून ठेवा. नाहीतर यादीतून गळलेल्या पोराने दाद मागायची कुणाकडे?