लिटरला किती? चाळीस वर्षांचा हिशेब

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली, तेव्हा आपल्याकडे गाडी म्हणजे पद्मिनी नाहीतर ॲम्बेसिडर. 796 सीसीच्या, तीन सिलिंडरच्या या हलक्या गाडीने लिटरमागचे किलोमीटर एकदम वाढवले आणि 'किती देते?' हा प्रश्न मध्यमवर्गाच्या तोंडी बसला. रंग, डिकी, मागे पाय पुरतात का, हे सगळं त्यानंतर.

त्या काळी उत्तर मेकॅनिककडे असायचं. तो प्लग काढून बघायचा. टोक तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी धरली असेल तर गाडी पेट्रोल जास्त ओढतेय. मग कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. थंडीत ओढलेला चोक आत ढकलायला विसरणारे महाभागही होतेच, आणि तेच पुढे ॲव्हरेज मिळत नाही म्हणून कुरकुरत.

2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंजेक्शनची इंजिनं आली आणि तो स्क्रू गेला. आता आकडा जाहिरातीत छापून यायला लागला. पुण्याच्या एआरएआयमध्ये गाडी रोलरवर चढवून ठरावीक चक्रात पळवतात. कमाल वेग ताशी 90, एसी बंद. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला. पण त्यात सिंहगड रोडचा सिग्नल नाही, खंबाटकी घाट नाही, मे महिनाही नाही. 24 छापलेली गाडी शहरात 16 देत असेल तर तिच्यात बिघाड आहे असं नव्हे.

पुढे डॅशबोर्डवरच आकडा दिसू लागला. तो बहुधा थोडा उदार असतो. पाचशेचं पेट्रोल टाकून काट्याकडे बघत बसणाऱ्यांपेक्षा बरा, एवढंच.

खरी रीत मात्र मारुतीच्या आधीपासून तीच आहे: टाकी फुल ते टाकी फुल. नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं. रक्कम गोल करायला पंपवाला वरून थेंब थेंब सोडतो, ते नको. ट्रिप मीटर शून्य. पुन्हा भरायचं ते त्याच पंपावर, आणि टाकी बरीच रिकामी झाल्यावरच. दहा लिटरच्या भरण्यात एका लिटरची चूक म्हणजे दहा टक्के; तीस लिटरमध्ये तीनच.

आता त्यात इथेनॉलची भर. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के घट गणितानेच येते. जुन्या वहीतल्या आकड्याशी आजचा ताडताना हे धरायलाच हवं.

आणि एक-दोन किलोमीटरवरून गाडी निवडणाऱ्यांसाठी: महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी दहावरून बारावर गेली तर सोळा-सतरा लिटर वाचतात. विसावरून बावीसवर गेली तर जेमतेम साडेचार. छोट्या गाड्यांमधली ही चढाओढ माझ्या मते बरीचशी शोभेची. त्यासाठी लाखभर जास्त मोजू नयेत. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये भांडायला जाण्याआधी टायरमधली हवा बघा, सलग चार टाक्यांचा हिशेब काढा, मग जा.